इंग्रजी मजकुरातील 'ऑलवेज', 'ऑफन' आणि 'नेव्हर' : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे तपासणीसाठी येणाऱ्या इंग्रजी पत्रांत आणि करारांत शुद्धलेखनाच्या चुका सहज सापडतात व तितक्याच सहज दुरुस्त होतात. एखादी गोष्ट किती वेळा घडते हे सांगणाऱ्या शब्दांचे मात्र तसे नाही. ही वारंवारतादर्शक क्रियाविशेषणे चुकीच्या जागी पडली, तरी वाक्य अनेकदा व्याकरणाला धरूनच राहते, फक्त त्याचा अर्थ बदलतो, आणि म्हणून ती चूक लिहिणाऱ्याच्याही लक्षात येत नाही. या शब्दांच्या बाबतीत आम्ही ग्राहकांना वारंवार प्रश्न का विचारतो, हे स्पष्ट व्हावे यासाठी हे पत्रक आहे.

जागेचा सर्वसाधारण नियम सोपा आहे. मुख्य क्रियापद साधे असेल तर हा शब्द त्याच्या आधी येतो ('वी ऑलवेज चेक'), 'इज' किंवा 'आर' हे मुख्य क्रियापद असेल तर त्याच्या नंतर येतो ('वी आर ऑलवेज ओपन'), आणि साहाय्यक क्रियापद असेल तर पहिल्या साहाय्यकाच्या लगेच नंतर येतो ('वी हॅव ऑलवेज पेड').

खरी अडचण नकार आला की सुरू होते. 'सुटे भाग नेहमी उपलब्ध नसतात' या मराठी वाक्याचे दोन अर्थ होऊ शकतात आणि बोलताना आपण ते आवाजाच्या चढउतारावरून ओळखतो. इंग्रजीत हे काम शब्दांचा क्रम करतो. 'द पार्ट्स आर नॉट ऑलवेज अव्हेलेबल' म्हणजे भाग कधी असतात, कधी नसतात. 'नॉट' आधी आल्यामुळे ते 'ऑलवेज'लाच नाकारते. क्रम उलटून 'द पार्ट्स आर ऑलवेज नॉट अव्हेलेबल' असे लिहिले, तर भाग कधीच नसतात असा अर्थ होतो, शिवाय वाक्य अवघडलेलेही वाटते. तिथे 'नेव्हर अव्हेलेबल' हीच स्वाभाविक रचना आहे. मराठीत 'कधीच'नंतर 'नाही' किंवा 'नसतात' लागतेच, त्या सवयीने कोणी 'द पार्ट्स आर नेव्हर नॉट अव्हेलेबल' लिहिले, तर प्रमाण इंग्रजीत भाग सदैव उपलब्ध असतात असे वचन दिल्यासारखे होते, म्हणजे अभिप्रेत अर्थाच्या अगदी उलट.

'ऑफन'च्या बाबतीतही हाच फरक पडतो. 'वी डू नॉट ऑफन रिप्लाय बाय फोन' म्हणजे फोनवरून क्वचितच उत्तर दिले जाते, तर 'वी ऑफन डू नॉट रिप्लाय बाय फोन' म्हणजे अनेकदा फोनवरून उत्तर दिले जात नाही, पण इतर अनेक वेळा दिले जातही असेल. 'युज्वली'मध्ये मात्र दोन्ही क्रम जवळजवळ समानार्थी ठरतात, त्यामुळे तिथे आम्ही सहसा हात लावत नाही.

'रेअरली', 'सेल्डम' आणि 'हार्डली एव्हर' या शब्दांच्या पोटातच नकार आहे. त्यामुळे त्यांच्यासोबत सामान्यतः वेगळा 'नॉट' लागत नाही, आणि ते किंवा 'नेव्हर' वाक्याच्या आरंभी आणले तर साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी येते : 'रेअरली डू वी रिसीव्ह सच रिक्वेस्ट्स'. ही रचना भारदस्त आहे. रोजच्या पत्रव्यवहारात ती जपून वापरावी, असे आमचे मत आहे.

तक्रारीच्या पत्रात सूरही सांभाळावा लागतो. 'युवर स्टाफ ऑलवेज कॉल्स अस' ही वस्तुस्थितीची साधी नोंद आहे. 'युवर स्टाफ इज ऑलवेज कॉलिंग अस' यात बहुतेकदा वैताग ऐकू येतो, क्वचित कौतुकही. वैताग दाखवायचा नसेल, तर चालू काळ टाळलेला बरा.

करार वाचताना आणखी एक बारकावा लक्षात घ्यावा लागतो, आणि आम्हाला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हे शब्द दर वेळी काळच मोजतात असे नाही. 'अ कॉन्ट्रॅक्ट युज्वली हॅज टू सिग्नेटरीज' याचा अर्थ एकाच करारावर बहुतेक वेळ दोन स्वाक्षरीकर्ते असतात असा नसून, बहुतेक करारांवर ते दोन असतात असा आहे. अशी क्रियाविशेषणे वेळा नव्हे, तर प्रसंग किंवा प्रकरणे मोजतात, अशी मांडणी तत्त्वज्ञ डेव्हिड लुईस यांनी १९७५ साली केली होती. 'युज्वली' असलेले कलम आपल्या विशिष्ट प्रकरणाला लागू होईलच असे त्या वाक्यावरून ठरत नाही, आणि म्हणून बंधनकारक अटीत हा शब्द दिसला की आम्ही तो अधोरेखित करून परत पाठवतो.

मसुदा पाठवताना अशा प्रत्येक वाक्याशेजारी आपल्याला अभिप्रेत असलेला अर्थ मराठीत लिहावा : 'एकदाही नाही', 'काही वेळा नाही' की 'बहुतेक वेळा नाही'. तेवढे कळले की योग्य शब्द आणि त्याची जागा आम्ही ठरवून देऊ.