बटरफ्लाय: दुसरी किक उशिरा का पडते?

पोहण्यातला बटरफ्लाय हा प्रकार शिकणाऱ्या प्रत्येकाने तलावाच्या काठावरून हे ऐकलेलं असतं: 'हात आत, किक. हात बाहेर, किक.' एका स्ट्रोकला, म्हणजे दोन्ही हातांच्या एका फेरीला, दोन्ही पाय जोडून मारलेल्या दोन किक. पहिली हात डोक्यापुढे पाण्यात शिरताना, दुसरी ते मांड्यांजवळून बाहेर निघताना. तरीही थोडं दमल्यावर बहुतेकांची दुसरी किक उशिरा पडते किंवा विरूनच जाते. मग वरून हाक येते, 'दुसरी जोरात मार!' मला हा सल्ला पटत नाही. जोर बहुतेक वेळा असतो. चूक आधीच झालेली असते: पाय वेळेवर वर आलेले नसतात.

किकच्या वेळेला एवढं महत्त्व का, ते आधी पाहू. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट दाट आहे. त्यात शरीराला होणारा विरोध साधारण वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने. त्यामुळे कधी भरधाव, कधी जवळजवळ थांबलेलं असं पोहलं, तर सरासरी वेग तोच राहूनही दमणूक जास्त होते. बटरफ्लायमध्ये हा धोका मोठा, कारण दोन्ही हात एकदमच पाण्याबाहेर असतात आणि तेवढा वेळ ओढ शून्य. पहिली किक ही पोकळी भरून काढते: हात पुढे शिरून पाणी पकडेपर्यंत वेग टिकवते. दुसरीचं काम वेगळं आहे. हात बाहेर निघताना डोकं आणि खांदे वर येतात, त्यामुळे कंबर बुडू पाहते. त्याच क्षणी पाय पाणी खाली-मागे ढकलतात आणि कंबर वर धरली जाते. हे हुकलं की हात पाण्यातून ओरबाडत पुढे आणावे लागतात आणि खांदे भरून येतात.

आता पाण्याखालून, बाजूने घेतलेला व्हिडिओ हळू करून बघा. हात छातीखाली आले की चित्र थांबवा. जमलेल्या पोहणाऱ्याचे पाय तेव्हा पृष्ठभागाजवळ असतात, गुडघे किंचित वाकलेले, किक सुटायच्या बेतात. आणि आपले? पहिल्या किकनंतर खाली गेलेले पाय तिथेच लोंबकळत असतात. हात पोटापाशी पोचल्यावर घाई सुरू होते. पाय कमरेतून वर उचलायला वेळ उरलेला नसतो, म्हणून गुडघे दुमडून टाचा वर ओढल्या जातात. मांड्या प्रवाहाला आडव्या येतात, ब्रेक लागतो आणि किक पडते तेव्हा हात पाण्याबाहेर गेलेले असतात. शर्यतीच्या वेगात अख्खा स्ट्रोक जेमतेम सेकंदाहून थोडा अधिक चालतो, त्यात एक दशांश सेकंदाचा उशीरही महागात पडतो.

म्हणून सरावात मी लक्ष टाचांवर ठेवायला सांगेन. एक हात पुढे ताणलेला, दुसऱ्याने स्ट्रोक, असं सावकाश पोहा. हात पाणी पकडायला लागला की पाय सरळ ठेवून कमरेतून वर येऊ द्या. तळव्यांवर आणि पोटऱ्यांवर पाण्याचा दाब जाणवला पाहिजे. तो जाणवला की खाली येणारी किक वेगळी आठवावी लागत नाही. फिन्स (पायात घालायचे रबरी पंख) वापरायच्या तर आखूड घ्या. लांब फिन्सनी पायांची लय मंदावते आणि शिकायची तीच गोष्ट बिघडते.

श्वासही इथेच घोळ घालतो. डोकं उशिरा वर काढलं की ते उशिराच खाली जातं, छाती दबत नाही आणि पाय वर यायला लागणारी लाट शरीरात तयारच होत नाही.

हे दोन किकचं गणित फार जुनं नाही. 1930च्या दशकात अमेरिकेत आयोवा विद्यापीठाचे प्रशिक्षक डेव्हिड आर्मब्रस्टर आणि त्यांचा जलतरणपटू जॅक सीग यांनी माशासारख्या किकला पाण्यावरून फेकल्या जाणाऱ्या हातांची जोड दिली. तेव्हा बटरफ्लाय ब्रेस्टस्ट्रोकच्या नियमांत अडकलेला होता आणि ही किक त्यात बसत नव्हती. 1952 साली दोन्ही प्रकार वेगळे झाले, किकला परवानगी मिळाली आणि 1956च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये बटरफ्लायच्या स्वतंत्र शर्यती झाल्या.

स्वतःचा व्हिडिओ घ्याल तेव्हा तलावाच्या पहिल्या लांबीचा घेऊ नका, ताज्या अंगाने सगळ्यांचीच लय बरी दिसते. शेवटचे पंधरा मीटर घ्या, हात छातीखाली असताना चित्र थांबवा आणि पाय कुठे आहेत ते बघा.