गॅस संपत नसतो, भाऊ

मे महिना, नागपूर, दुपारचे दोन, बाहेर ४४ डिग्री, आणि आमच्या इलेक्ट्रिक गाडीच्या एसीतून येणारी हवा म्हणजे पाणी संपलेल्या कूलरची. चौकातल्या एसीवाल्याने बोनेटसुद्धा न उघडता सांगून टाकलं, "गॅस संपला असन, भरून घ्या ना." मी पण उन्हाने वैतागलेलो, म्हटलं भर बाबा. मग म्हटलं थांब, आधी तेल कुठलं टाकतोस ते सांग.

आता हे तेल मधेच कुठून आलं ते सांगतो, पण आधी गॅसचं. एसीचा गॅस म्हणजे पेट्रोल नाही, तो जळत नाही की खर्च होत नाही. माठातलं पाणी कसं झिरपून वाफ होताना आतली उष्णता घेऊन जातं, तसंच इथे आहे, फक्त माठातली वाफ उडून जाते आणि इथे ती पकडून, कॉम्प्रेसरने दाबून, पुढच्या जाळीत म्हणजे कंडेन्सरमध्ये परत पातळ करून पुन्हा कूलिंग कॉइलकडे पाठवतात. आर-१३४ए हा गॅस साध्या हवेच्या दाबाला उणे २६ डिग्रीलाच उकळतो, म्हणून हे जमतं. तोच गॅस वर्षानुवर्षं गोल फिरत राहतो. रबरी पाइपांतून वर्षाला किंचित झिरपतो हे खरं, पण दोन-तीन वर्षांच्या गाडीत एकदम कमी झाला तर तो कुठूनतरी गळालाय, आणि गळती न शोधता भरणं म्हणजे फुटक्या बादलीत पाणी ओतणं.

पेट्रोल गाडीत कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. इथे इंजिनच नाही, त्यामुळे कॉम्प्रेसरची स्वतःची मोटर असते आणि ती मुख्य बॅटरीच्या तीन-चारशे व्होल्टवर चालते (त्या जाड नारिंगी वायरींना हात लावू नका, कुणी म्हणालं तरी नको). गंमत अशी की ही मोटर त्याच डब्यात, गॅस आणि कॉम्प्रेसरच्या वंगणाच्या तेलात भिजलेली असते. म्हणून बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत वीज सहसा वाहू न देणारं पीओई तेल लागतं, तर पेट्रोल गाड्यांत सर्रास पीएजी चालतं. ते चुकीचं तेल थोडं जरी आत गेलं, गॅस भरायच्या मशीनच्या पाइपात उरलेलं असलं तरी, मोटरचं इन्सुलेशन (वीज बाहेर झिरपू न देण्याची क्षमता) कमी होऊ शकतं. गाडी हे इन्सुलेशन सतत तपासत असते, त्यामुळे एसी राहिला बाजूला, डॅशबोर्डवर हाय व्होल्टेजचा एरर येऊन गाडीच चालू व्हायची नाही असंही होऊ शकतं. माझा प्रश्न ऐकून एसीवाला म्हणाला, "तेल तर गॅसमध्येच मिसळलेलं येते ना." मी गाडी काढली.

घरी येऊन आधी फुकटातलं तपासलं. हवा गरम आहे की कमी आहे, हा पहिला प्रश्न, आणि लोक हे दोन्ही एकच समजतात. झोत कमी असेल तर केबिन फिल्टर बघा, बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, माझ्या फिल्टरमध्ये कडुनिंबाची पानं आणि एक मेलेली मधमाशी निघाली. सुरुवातीला मस्त गार, अर्ध्या तासाने झोत मरतो, दहा मिनिटं बंद ठेवला की परत ठीक, असं होत असेल तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय. हायवेला गार पण सिग्नलला कोमट? मग कंडेन्सरचा फॅन फिरत नसेल किंवा जाळीत धूळ-किडे भरले असतील. आणि डॅशबोर्डवरच्या एका बाजूच्या व्हेंटमधून गार, दुसऱ्यातून कोमट हवा येत असेल तर आतली झडप अडकलेली असू शकते किंवा गॅस खरोखरच कमी असू शकतो.

माझं हेच शेवटचं निघालं. पण कमी आहे हे दाब दाखवणाऱ्या गेजवरून ठरवायचं कसं? गाडी बंद असताना आर-१३४एचा गेज ३० डिग्रीला साधारण ९७ पीएसआय दाखवतो आणि ४० डिग्रीला १३३ च्या आसपास, मग आत गॅस पूर्ण असो की निम्मा. स्वयंपाकघरातल्या सिलेंडरसारखंच आहे, आत थोडं जरी पातळ उरलेलं असेल तोवर दाब तोच, किती उरलंय ते उचलून किंवा वजन करूनच कळतं. त्यात इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर स्वतःचा वेग गरजेप्रमाणे बदलत राहतो, म्हणजे चालू गाडीत काटे अजून फसवे. म्हणून खरी पद्धत एकच, सगळा गॅस मशीनने काढून वजन करायचं. बोनेटखालच्या स्टिकरवर किती ग्रॅम हवा ते लिहिलेलं असतं. माझ्यात निम्म्याहून थोडा जास्त निघाला.

इलेक्ट्रिक गाड्यांचं वेगळं मशीन ठेवणाऱ्या गॅरेजमध्ये चमकणारा डाय टाकला, चार दिवस गाडी चालवली, मग जांभळ्या टॉर्चखाली कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात पोपटी डाग दिसला, दाण्याएवढा. वर्धा रोडवरच्या ट्रकने उडवलेला खडा, दुसरं काय. कंडेन्सर बदलला, अर्धा तास व्हॅक्यूम मारून आतली ओल काढली, वजन करून गॅस भरला. व्हेंटसमोर थर्मामीटर धरला तर ९ डिग्री.

पंधरा दिवसांनी फास्ट चार्जिंगला लावून आत एसीत बसलो आणि परत कोमट! पोटात गोळा आला. पण अशा बऱ्याच गाड्यांत तोच कॉम्प्रेसर बॅटरीलाही थंड करतो, आणि चार्जिंगला बॅटरी तापली की थंडावा आधी तिला, उरेल तो आपल्याला. वायर काढून निघालो, पाचेक मिनिटांत परत गार.