पार्श्वभूमी: प्रबंध खुले झाले, डेटा परिशिष्टातच राहिला

मोजमापे जपण्याची रीत गोव्यात विद्यापीठाहून जुनी आहे. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत अनेक देशांची जहाजे एकाच समुद्राच्या नोंदी घेत होती. त्या एकत्र आल्याशिवाय उपयोगाच्या नव्हत्या. त्या मोहिमेपाठोपाठ १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय दोनापावलाला. गोवा विद्यापीठ आले १९८५ साली.

विद्यापीठांत मात्र आधी लेखन खुले झाले. २००२ साली बुडापेस्ट जाहीरनाम्याने शोधनिबंध सर्वांना मोफत वाचता यावेत अशी मागणी केली. त्याच वर्षी डीस्पेस हे मुक्त सॉफ्टवेअर आले आणि संस्थांना आपला संग्रह स्वतः उभारता येऊ लागला. २००९ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) नियमावलीने पीएचडी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत बंधनकारक केली. शोधगंगा हा प्रबंधांचा राष्ट्रीय ऑनलाइन संग्रह भरू लागला. पण मांडवीच्या क्षारतेचे तक्ते पीडीएफच्या परिशिष्टात गेले, की पुढच्या संशोधकाला एकेक आकडा उतरवून घ्यावा लागतो. डेटा सापडावा, मिळावा, इतर डेटाशी जुळावा आणि पुन्हा वापरता यावा, ही ‘फेअर’ तत्त्वे २०१६ साली मांडली गेली.

डेटा खुला करताना घोडे अडते ते बारीक गोष्टींवर. दोनापावलाचा अक्षांश साधारण १५ अंश २७ मिनिटे, म्हणजे दशांशात १५.४५. वहीतून तो १५.२७ असा उतरला, तर ठिकाण सुमारे २० किलोमीटर दक्षिणेला सरकून समुद्रात पडते आणि नकाशा काढेपर्यंत चूक लक्षात येत नाही. रिकामा रकाना म्हणजे मोजलेच नाही. शून्य म्हणजे मोजले, पण आढळले नाही. हा फरक रीडमी फाइलमध्ये, म्हणजे डेटासोबतच्या माहितीपत्रकात हवाच. सोबत एकके, उपकरण, नमुना घेतल्याची तारीख. तक्ता सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे करणारी साधी मजकूर फाइल), यूटीएफ-८ एन्कोडिंगमध्ये ठेवावा, नाहीतर देवनागरीतल्या गावांच्या नावांची प्रश्नचिन्हे होतात. मग डीओआय, म्हणजे डेटाचा कायमचा ओळखक्रमांक घ्यावा आणि सीसी-बाय ४.० सारखा, श्रेय देऊन वापरू देणारा परवाना स्पष्ट लिहावा. परवाना नसलेला डेटा वापरायला लोक कचरतात.

माणसांच्या माहितीला जास्त जपावे लागते. रापणकाराचे (किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढणाऱ्या मच्छीमाराचे) नाव काढले, तरी वाडा (गावातली वस्ती), वय आणि होडीचा प्रकार एकत्र दिसला की गावात तो सहज ओळखू येतो. वाड्याऐवजी तालुका, वयाऐवजी वयोगट द्यावा. डेटा प्रसिद्ध होणार, हे मुलाखतीआधीच्या संमतीपत्रातच लिहावे. प्रबंध सादर करताना त्याच माणसांना पुन्हा गाठणे बहुधा जमत नाही.