बेटावरील जीवसृष्टीची दालने (प्राणिसंग्रहालयांतील)

उष्ण कटिबंधातील एखाद्या बेटाचे प्रदेशनिष्ठ प्राणी, म्हणजे जगात इतरत्र न आढळणारे प्राणी, तेथील झाडोऱ्यासह दाखवणारा प्राणिसंग्रहालयाचा विभाग. अशा दालनांचा सर्वांत आवडता विषय मादागास्कर. क्षेत्रफळ सुमारे ५,८७,००० चौ. किमी., म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट. लेमूरच्या (माकडांच्या दूरच्या नातलगाच्या) शंभराहून अधिक जाती, टेन्रेक नावाचे लहान कीटकभक्षी सस्तन प्राणी, फोसा नावाचा मांजरासारखा शिकारी आणि जगातील जवळपास निम्म्या जातींचे शॅमेलिऑन (कोकणातल्या घोयऱ्याचे भाऊबंद) हे तिथले रहिवासी.

नुसते बेट असून भागत नाही, हे ठाणेकराला घरबसल्या कळते. ठाणे शहराचा बराचसा भाग साष्टी बेटावर आहे. पूर्वेला ठाण्याची खाडी, उत्तरेला वसईची. तरीही येऊरच्या रानातला बिबट्या खाडीपलीकडच्या बिबट्याहून निराळा नाही. खाडी अरुंद आहे आणि साष्टी मुख्य भूमीला जवळजवळ चिकटलेली. मादागास्कर मात्र भारतीय भूखंडापासून सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी सुटले आणि आफ्रिकेपासून त्याला तोडणारी मोझांबिकची सामुद्रधुनी सर्वांत चिंचोळ्या जागीही सुमारे ४०० किमी. रुंद आहे. लेमूरांचे पूर्वज वाहत्या झाडोऱ्यावर बसून आफ्रिकेतून तिथे पोचले, असे मानतात. खऱ्या माकडांशी स्पर्धा नसल्याने त्यांची एवढी रूपे झाली.

हे अंतर दालनात मांडता येत नाही. प्राणी तेवढे मांडता येतात. १९०७ मध्ये जर्मन प्राणिव्यापारी कार्ल हागेनबेक यांनी हँबुर्गजवळ गजांऐवजी खंदक वापरून प्राणिबाग उभारली. लेमूर पाण्यात उतरायचे टाळतात, म्हणून तळ्यातल्या लहानशा बेटावर त्यांना मोकळे सोडण्याची पद्धत रूढ झाली. बेटावरच्या प्राण्याला पुन्हा बेटच मिळते, पण लांबी-रुंदी काही पावलांची. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयाने १९०३ मधल्या जुन्या सिंहघरात २००८ साली मादागास्करचे दालन उघडले.

सर्वांत धाडसी प्रयोग झुरिकचा. २००३ मध्ये तिथे सुमारे ११,००० चौ. मी. जागेवर पारदर्शक छताखाली मादागास्करच्या मासोआला द्वीपकल्पाचे वर्षावन लावले गेले. प्राणी मोकळे फिरतात, प्रेक्षक पायवाटेवरून चालतात आणि काही दिसेलच याची हमी नसते. प्रस्तुत लेखकाला हाच त्या दालनाचा सर्वांत प्रामाणिक भाग वाटतो. खऱ्या जंगलातही असेच होते.

पडद्यामागची कामे किचकट असतात. आय-आय हा लेमूर निशाचर असल्याने त्याच्या घरात दिवसरात्र उलटे करतात: रात्री प्रखर दिवे, आणि लोक येतात तेव्हा मंद उजेड. शॅमेलिऑनला अतिनील किरणांचे दिवे लागतात. वलयांकित शेपटीच्या लेमूरचा विणीचा हंगाम दिवसाच्या लांबीवर ठरतो. त्यामुळे उत्तर गोलार्धात आणल्यावर तो सुमारे सहा महिन्यांनी सरकतो. इंद्री मात्र बंदिवासात तगतच नाही. मोठ्या लेमूरांपैकी हा सर्वांत देखणा, आणि कोणत्याच दालनात तो नसतो.

सर्व लेमूर वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील करार ‘साइटीस’च्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या, परिशिष्टात आहेत. भारतातल्या प्राणिसंग्रहालयांवर १९९२ पासून केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची देखरेख आहे.

ठाण्याच्या मुलांची सहल प्राणी पाहायला राणीच्या बागेत जाते. नवी मुंबईत ऐरोलीला किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथला मुख्य पाहुणा म्हणजे खाडीतले रोहित (फ्लेमिंगो). खाडीचा हा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. लहान रोहित मादागास्करलाही दिसतो, पण त्याला पंख असल्याने तो एका बेटाचा होऊन राहत नाही.

मादागास्करची झाडे मात्र ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही शहरांत काचघराविना वाढतात. झुरिकला त्यांच्यासाठी हिवाळाभर ऊब पुरवावी लागते. इथे रस्त्याकडेचा गुलमोहर, गॅलरीतल्या डब्यातली सदाफुली, सोसायटीच्या फाटकापाशी पंख्यासारखा पसरलेला ट्रॅव्हलर्स पाम आणि वाशीच्या कार्यालयांतला अरेका पाम हे चौघेही मूळचे तिथलेच. सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन ही कर्करोगावरची औषधे मिळाली. राणीच्या बागेतली गोरखचिंच (बाओबाब) पाहून पुष्कळांना मादागास्कर आठवते, पण ती आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरची जात. बेटावरच्या सहा जाती वेगळ्या.