बूट नव्हते म्हणून वर्ल्ड कप हुकला? नाही ना भाऊ

खदानीच्या टीमची मॅच असली की व्हॉट्सॲपवर हा फॉरवर्ड मेसेज येतेच: १९५० च्या फुटबॉल वर्ल्ड कपला भारताची टीम अनवाणी खेळते म्हणून येऊ दिलं नाही. पटते पण, आपल्याकडं अजूनही अंगठ्याला चिंधी गुंडाळून खेळणारे हायतच.

पण तारखा लावून पाहा. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये आपले बहुतेक प्लेयर बिनबुटाचेच फ्रान्सशी खेळले, २-१ नं हरले, कोणी अडवलं नाही, अन् १९५२ ला हेलसिंकीच्या थंडीतही कितीतरी जण अनवाणीच उतरले (युगोस्लाव्हियानं १०-१ नं धुतलं ते वेगळं), मंग मधातच बंदी कशी? यजमान ब्राझील तर प्रवासाचा बराच खर्चही द्यायला तयार होतं. गेलो नाही ते आपणच: जहाजाचा लांब प्रवास, टीम निवडीचा घोळ, प्रॅक्टिस कमी, अन् तेव्हा ऑलिम्पिकच मोठं वाटे. चेक करायचं तर १९५२ च्या मॅचचे फोटो काढा अन् पाय पाहा.