मिग-२१ इतकं का पडलं?

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडच्या हवाई तळावर मिग-२१ला निरोप देण्यात आला. १९६३ साली ते भारतीय हवाई दलात दाखल झालं, तेही चंदीगडलाच. मधल्या ६२ वर्षांत हवाई दलाने ८७०हून अधिक मिग-२१ वापरली. त्यातली साडेसहाशेच्या आसपास नाशिकजवळ ओझरला, हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात बांधली गेली. इंजिनं ओडिशातल्या कोरापुटहून यायची, इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबादहून.

या विमानाला वर्तमानपत्रांनी ‘उडती शवपेटी’ म्हटलं. मला ते नाव कधीच पटलं नाही. शवपेटी म्हटलं की दोष यंत्राचा ठरतो आणि पुढची चौकशी थांबते. अपघातांची कारणं मात्र थोडी विमानाच्या पंखांत होती आणि बरीचशी दिल्लीच्या फायलींत.

आधी पंखांचं पाहू. मिग-२१च्या त्रिकोणी पंखांचं क्षेत्रफळ जेमतेम २३ चौरस मीटर. शस्त्रं आणि इंधन भरलं की विमानाचं वजन आठ टनांच्या वर, म्हणजे दर चौरस मीटरवर साडेतीनशे किलोपेक्षा जास्त भार. ध्वनीच्या दुप्पट वेगाने जायचं तर पंख असेच लहान, पातळ आणि मागे वळलेले हवेत. पन्नासच्या दशकातल्या सोव्हिएत अभियंत्यांसमोर तेच एक उद्दिष्ट होतं. पंखाला मिळणारी उचल मुख्यतः क्षेत्रफळ, हवेला सामोरं जाण्याचा कोन आणि वेगाचा वर्ग यांवर ठरते. क्षेत्रफळ कमी असेल तर वेग किंवा कोन वाढवावा लागतो. म्हणून मिग-२१ उतरायचं तेच ताशी सुमारे ३४० किलोमीटरने. ताशी २५०ने उतरणाऱ्या विमानाशी तुलना केली तर वेग ३६ टक्के जास्त, पण गतिज ऊर्जा तेवढ्याच वजनाला ८५ टक्के जास्त. ती धावपट्टीवर जिरवण्यासाठी शेपटीतून पॅराशूट सोडावं लागे.

खरी अडचण त्याच्या काही सेकंद आधी येते. त्रिकोणी पंख कमी वेगात उचल देतो, पण नाक बरंच वर धरल्यावर, आणि तसं केलं की हवेचा रोध झपाट्याने वाढतो. आता समजा विमान थोडं जास्त खाली जातंय. नवख्या वैमानिकाचा हात आपोआप नाक वर ओढतो. रोध आणखी वाढतो, वेग आणखी घटतो, विमान आणखी वेगाने खाली येतं. यातून सुटायला इंजिनाचा जोर लागतो आणि त्या काळच्या जेट इंजिनाला मंद गतीवरून पूर्ण जोरावर यायला कित्येक सेकंद लागत. जमिनीपासून शे-दोनशे फुटांवर ते सेकंद उरलेलेच नसतात. नंतरच्या प्रकारांत इंजिनातली दाबाखालची हवा पंखांच्या झडपांवरून सोडून उतरण्याचा वेग थोडा कमी केला गेला. पण मग इंजिनाची गती खाली आली की ती मदतही आटायची. इंजिन एकच. त्यात एखादी घार शिरली तर दुसरं नाही.

हा दोष फक्त रशियन विमानाचा नव्हता. त्याच पिढीतलं अमेरिकी एफ-१०४ पश्चिम जर्मनीने घेतलं. ९१६ विमानांपैकी तीनशेच्या आसपास पडली आणि शंभराहून अधिक वैमानिक गेले.

अशा विमानावर बसण्याआधी वैमानिकाला मधली पायरी हवी असते. आपल्याकडे ती नव्हती. प्रशिक्षणार्थी ताशी ७०० किलोमीटरच्या आसपास उडणाऱ्या किरण विमानावर शिकायचा आणि तिथून थेट तेजपूरच्या प्रशिक्षण तुकडीत मिग-२१वर जायचा. प्रगत जेट प्रशिक्षण विमान घ्या, अशी शिफारस हवाई दलातल्या अपघातांचा अभ्यास करणाऱ्या ला फाँतेन समितीने १९८२ साली केली. १९९७ साली डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या समितीनेही तेच बजावलं. ‘हॉक’ या प्रगत प्रशिक्षण विमानांपैकी ६६चा करार झाला मार्च २००४मध्ये आणि पहिली हॉक बिदरला रुजू झाली २००८ साली. शिफारस ते विमान यांत पाव शतक गेलं. या काळात तेजपूरहून बाहेर पडलेल्या प्रत्येक तुकडीने ती पायरी गाळूनच उडी मारली.

खरेदीच्या हिशेबात दिलेला पैसा दिसतो. न घेतलेल्या विमानापायी काय गेलं, याला रकानाच नसतो. २०१२ साली संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत आकडे दिले: एप्रिल २०१२पर्यंत मिग जातीच्या विमानांचे ४८२ अपघात, त्यांत १७१ वैमानिक आणि ३९ नागरिकांचा मृत्यू. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ त्या १७१मधले. सप्टेंबर २००१मध्ये सुरतगडहून रात्री उड्डाण केल्यावर लगेचच त्यांचं मिग-२१ कोसळलं. चूक वैमानिकाची, हा निष्कर्ष त्यांचे आईवडील कविता आणि अनिल गाडगीळ यांनी स्वीकारला नाही आणि वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. प्रश्न एका मुलाच्या नावापुरता नाही, सगळ्या यंत्रणेचा आहे, हे त्यांनी देशाला ऐकायला लावलं. त्यांचे आपण सगळे ऋणी आहोत.

मिगच्या जागी येणाऱ्या हलक्या लढाऊ विमानाचा प्रकल्प १९८३ साली सुरू झाला. तेजसचं पहिलं उड्डाण जानेवारी २००१मध्ये, पहिली लढाऊ तुकडी (स्क्वाड्रन) जुलै २०१६मध्ये. तोवर सव्वाशे मिग-२१ ‘बायसन’ रूपात सुधारून घ्यावी लागली. नवं रडार आलं, नवी क्षेपणास्त्रं आली. पंख मात्र तेच २३ चौरस मीटरचे.

तेजसचा पंख ३८ चौरस मीटरचा आहे आणि नियंत्रणाचा संगणक चार समांतर मार्गांनी काम करतो. वर सांगितलेल्या चुकीच्या साखळीला तो सुरुवातीलाच आवर घालू शकतो. तेजसही पडलं आहे, मार्च २०२४मध्ये जैसलमेरला आणि नोव्हेंबर २०२५मध्ये दुबईत, तेव्हा चमत्काराची अपेक्षा नको. पण एकूण दिशा बरी आहे. संसदीय स्थायी समितीपुढे आलेल्या माहितीनुसार हवाई दलाचा अपघातांचा दर २०००–०५ या काळात दहा हजार उड्डाणतासांमागे ०.९३ होता, तो २०२०–२४मध्ये ०.२०वर आला.

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरच्या धावपट्टीवरून तिथे बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-१एने उड्डाण केलं. मात्र २०२१ साली सुमारे ४८ हजार कोटींना मागवलेली ८३ विमानं अमेरिकी इंजिनं वेळेवर न आल्याने रखडली आहेत. मंजूर ४२ लढाऊ तुकड्यांपैकी हवाई दलाकडे २९ उरल्या, त्यामुळे १९७९पासूनची जग्वार लढाऊ विमानं उडवत ठेवावी लागताहेत. त्यांना जास्त ताकदीचं नवं इंजिन बसवायची योजना होती. वाढलेल्या किमतीमुळे ती २०१९ साली सोडून देण्यात आली. २०२५च्या मार्च, एप्रिल आणि जुलै महिन्यांत एकेक जग्वार पडलं.