रापलेल्या त्वचेचा मोह

गोऱ्या माणसाने दुपारभर उन्हात अंग शेकलं की त्वचेवर तपकिरी झाक चढते, पण ती खरी दिसू लागते दोन-तीन दिवसांनी. एवढा उशीर का, याच्या उत्तरातच या रंगाचं सगळं मर्म आहे.

उन्हातले अतिनील-बी किरण वरच्या थरातल्या पेशींमध्ये शिरतात आणि डीएनएच्या साखळीतले शेजारशेजारचे दोन दुवे एकमेकांना चिकटवून टाकतात. हा बिघाड लक्षात येताच पी-५३ नावाचं प्रथिन जागं होतं. डीएनएची राखण करणारं हे प्रथिन पेशीला एक लांबलचक रेणू बनवायला लावतं. त्या रेणूचे तुकडे पडतात. त्यातला एक तुकडा रंगपेशींपर्यंत निरोप पोचवतो, की मेलॅनिन, म्हणजे त्वचेचं रंगद्रव्य, तयार करा. मग रंगाचे दाणे तयार होतात, शेजारच्या पेशींकडे सोपवले जातात आणि प्रत्येक पेशी ते आपल्या केंद्रकावर, नेमक्या उन्हाच्या बाजूने, टोपीसारखे रचून ठेवते. सूक्ष्मदर्शकाखाली ही इवलीशी टोपी पाहिली की शरीराच्या शहाणपणाचं खरोखर कौतुक वाटतं. मात्र ती चढते ती डीएनएला इजा झाल्यावर. आरशात जो रंग तजेला वाटतो, तो पेशींनी घाईघाईने केलेला बचाव असतो.

त्याच लांबलचक रेणूचा दुसरा तुकडा म्हणजे बीटा-एंडॉर्फिन, शरीराचं स्वतःचं अफूसारखं रसायन. उन्हात पहुडल्यावर येणारं ते सैलावलेपण काही अंशी याचंही असू शकतं. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांना काही आठवडे रोज अतिनील किरण दिले. त्यांच्या रक्तातलं एंडॉर्फिन वाढलं, आणि अफूचा परिणाम रोखणारं औषध दिल्यावर उंदीर थरथरू लागले, त्यांचे दात वाजू लागले. व्यसन सुटताना दिसतात तशीच ही लक्षणं. त्याआधी २००६ मध्ये नियमित टॅनिंग करणाऱ्या, म्हणजे मुद्दाम त्वचा रापवून घेणाऱ्या, आठ जणांना तशाच प्रकारचं औषध दिलं, तेव्हा चौघांना मळमळ, अस्वस्थपणा जाणवला. आठ माणसं म्हणजे फारच थोडी, हे मान्य. तरीही, धोका माहीत असून लोक पुन्हा पुन्हा उन्हात का जातात, हे केवळ हौसेवर ढकलता येत नाही, असं मला वाटतं.

हौसही आहेच, आणि ती फार जुनी नाही. युरोपात एकेकाळी रापलेला चेहरा म्हणजे शेतमजुराचा चेहरा. पुढे मजूर कारखान्यांच्या छपराखाली गेले आणि फिकटपणाचा मान ओसरू लागला. त्वचेच्या क्षयावर प्रकाशाचे उपचार करणाऱ्या नील्स फिन्सन यांना १९०३ मध्ये नोबेल मिळालं, आल्प्समधल्या आरोग्यधामांत क्षयरोग्यांना उन्हात झोपवू लागले, आणि ऊन म्हणजे आरोग्य हे समीकरण मनात रुजलं. १९२०च्या दशकात फॅशनने त्यावर शिक्का मारला.

"आधी थोडं रापून घेतलं की सुट्टीत त्वचा भाजत नाही," हा सल्ला अनेक जण मनापासून देतात. पण अशा रंगाचं संरक्षण जेमतेम एसपीएफ ३-४ इतकंच (एसपीएफ म्हणजे सनस्क्रीनवर लिहिलेला संरक्षणाचा आकडा). अतिनील दिव्यांखाली त्वचा रापवणाऱ्या टॅनिंग यंत्रांचा भर बहुतेक अतिनील-ए किरणांवर असतो आणि त्यांनी आलेला रंग तर त्याहूनही कमी राखतो, कारण त्यात नवं मेलॅनिन फारसं बनतच नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये ही यंत्रं तंबाखूच्याच गटात, म्हणजे कर्करोग निश्चितपणे घडवणाऱ्या गोष्टींत, घातली. तरुण वयात सुरुवात करणाऱ्यांना मेलॅनोमा या त्वचेच्या घातक कर्करोगाचा धोका जास्त. ब्राझील आणि ऑस्ट्रेलियाने अशी यंत्रं चालवणारी व्यावसायिक केंद्रं बंदच केली.

अतिनील-ए काय करतात, ते एका ट्रकचालकाच्या चेहऱ्यावर उघड दिसलं. ६९ वर्षांचा हा माणूस २८ वर्षं गाडी चालवत होता. त्याचं छायाचित्र २०१२ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात आलं. खिडकीकडचा डावा गाल जाड, खोल सुरकुत्यांनी भरलेला, लोंबलेला; उजवा कितीतरी तरुण. खिडकीची काच अतिनील-बी बरेचसे अडवते, पण अतिनील-ए आरपार येतात आणि खोलवर जाऊन त्वचेला ताठ ठेवणारे तंतू मोडतात.

आणखी एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. २०१५ मध्ये असं आढळलं, की सावलीत आल्यानंतरही तीन तासांहून जास्त वेळ रंगपेशींतल्या डीएनएची हानी चालूच राहते, आणि तिला हातभार लावतं खुद्द मेलॅनिन.

रंग हवाच असेल तर डायहायड्रॉक्सीअ‍ॅसिटोन नावाचं रसायन असलेली क्रीम मिळते. ती त्वचेच्या सर्वांत वरच्या मृत थराशी अभिक्रिया करून तपकिरी छटा देते आणि आठवड्याभरात ती उतरते. तिने ऊन मात्र अडत नाही. बाहेर पडताना त्यावर सनस्क्रीन लावावंच लागतं.